काट्यावर उभं राहण्याआधी

आमच्या शेजारीणबाईंनी काट्यावर चढण्याआधी बूट काढले, कार्डिगन काढलं, गळ्यातली साखळी आणि मनगटावरचं घड्याळ काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवलं, आणि मग अगदी सवयीच्या हाताने दोन्ही कानांतली मशीनं काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काही दिवस गाडी चालवायची नव्हती, म्हणून गुरुवारी संध्याकाळी त्यांना चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या वजन उतरवणाऱ्यांच्या गटाला सोडायला मी गेले होते. बाहेर पावसाची झड लागलेली, तेव्हा आतच थांबले. मुठीत धरलेली ती मशीनं बारीक शिट्टी वाजवू लागली. उघड्यावर ठेवली तर गप्प बसत, मूठ मिटली की पुन्हा शिट्टी. इकडे टेबलामागच्या बाईंनी पुढे वाकून आकडा कुजबुजत सांगितला, कारण एकीचा आकडा दुसरीच्या कानावर जाऊ द्यायचा नाही अशी तिथली रीत. शेजारीणबाईंना तो ऐकू आला नाही. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. पुन्हा कुजबुज, पुन्हा "काय?" रांगेतल्या बायका भिंतीकडे बघू लागल्या. शेवटी त्या बाईंनी चिठ्ठीवर लिहून दाखवलं. अर्धा पौंड कमी. शेजारीणबाईंचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन्ही मशीनं मिळून पाच-सहा ग्रॅम भरली असती. घरी येताना गाडीत त्या हॉलमधल्या गमतीजमती सांगत होत्या आणि मी हूं हूं करत होते, पण डोक्यात तेच घोळत होतं. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, सगळं आयुष्य शाळेत मुलांना गणित शिकवलेल्या बाईला पाच ग्रॅम म्हणजे किती हे कळत नाही असं थोडंच आहे? कळत असूनही ती काढून ठेवावीशी वाटतात. ऐकू न येण्याची किंमत देऊन. आठवडा गेला, पंधरवडा गेला, तरी तळहाताला ती शिट्टी जाणवत राहिली.

तो हॉल तसा साधाच. दिवसा तिथे लहान मुलांचा प्लेग्रुप भरतो, भिंतीवर त्यांनी रंगवलेले हत्ती-जिराफ असतात, आणि संध्याकाळी फरशीच्या पॉलिशचा, ओल्या कोटांचा आणि मोठ्या थर्मासमधल्या चहाचा मिळून एक वास येतो. वजनं झाली की सगळ्या जणी खुर्च्यांचा गोल करून बसतात. दोन-तीन पुरुषही असतात, तेही दाराजवळच्या खुर्च्यांवर. मग एकेक जण आठवडा कसा गेला ते सांगतो. कुणाचं दोन पौंड उतरलेलं असतं, टाळ्या पडतात. कुणाचं वाढलेलं असतं, तिला कुणी बोल लावत नाही. त्या दिवशी एक बाई म्हणाल्या, कुत्रं गेलं, रोज रात्री उठून टोस्ट खाल्ला, लोणी लावून. कुणी उपदेश केला नाही. एकीने फक्त कुत्र्याचं नाव विचारलं. गोलाच्या मधोमध फळांची टोपली होती. प्रत्येकीने येताना एकेक फळ आणून त्यात टाकायचं आणि आठवड्यात जिचं सर्वांत जास्त वजन उतरलं तिने ती टोपली घरी न्यायची. त्या आठवड्याची मानकरी जेमतेम पंचविशीतली मुलगी होती. तिने टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

इंग्लंडमधलं आमचं डर्बीशर म्हणजे या प्रकाराचं माहेरच. १९६९ साली मार्गारेट माइल्स-ब्रॅमवेल यांनी अल्फ्रिटन या कोळसाखाणींच्या गावात स्लिमिंग वर्ल्ड ही वजन उतरवणाऱ्यांची संस्था सुरू केली. त्याच्या दोन वर्षं आधी वेट वॉचर्स ही तशीच संस्था अमेरिकेतून इथे येऊन पोचली होती. पण ही घरची. आज देशभर गावोगावच्या चर्चच्या हॉलांत, क्लबांत, शाळांत तिचे गट भरतात. त्यांच्या नियमांत पोटभर काय खायचं हे आधी सांगितलेलं असतं: बटाटा, भात, पास्ता, अंडी, बिनचरबीचं मांस, फळं. मोजूनमापून खायचं ते चॉकलेट, तेल, वाईन वगैरे. केळं अख्खं खाल्लं तर मोजायचं नाही, पण तेच कुस्करलं किंवा शिजवलं तर मोजायचं. शेजारीणबाईंनी मला हे समजावलं तेव्हा त्यांच्या आवाजात तीच खात्री होती जी आईच्या आवाजात असे, उपासाला वरी चालते आणि तांदूळ का चालत नाहीत हे सांगताना. कुस्करलेलं फळ पटकन खाल्लं जातं, पोट भरल्यासारखं वाटत नाही, असं त्यामागचं कारण. मला ते पटलंही. पण कारणापेक्षा मला तो नियम पाळणारी माणसं दिसत होती. दिवसभर कुणाची ना कुणाची उस्तवार करून थकलेल्या बाईला नियम असला की बरं वाटतं, निदान एक गोष्ट तरी तिच्या हातात आहे असं वाटतं.

या देशात वजन उतरवण्याच्या वेडाला फार जुना इतिहास आहे आणि त्यात कानाच्या एका डॉक्टराचा मोठा हात आहे. हे मला त्या गुरुवारनंतर वाचताना सापडलं आणि मी जागच्या जागी थांबले. विल्यम बँटिंग हे लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरचे अंत्यविधीची व्यवस्था करणारे गृहस्थ. राजघराण्यातल्या, सरदारांच्या घरांतल्या शवपेट्या आणि अंत्ययात्रा त्यांच्या घराण्याकडे असत. उंची पाच फूट पाच इंच आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती, जिना उतरताना गुडघ्यांवर भार नको म्हणून हळूहळू उलटं उतरावं लागे. त्यांनी काय काय करून पाहिलं नव्हतं! पहाटे उठून नदीत होडी वल्हवली, त्याने भूकच वाढली. घोडेस्वारी केली, तुर्की हमाम केले, लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेटचं औषधी पाणी प्यायलं. काही उपयोग झाला नाही. पुढे ऐकू येईनासं झालं म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे पूर्वी पॅरिसला क्लोद बर्नार यांची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकून आले होते. त्यांनी कानापेक्षा पोटाकडे पाहिलं, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद करायला सांगितलं. मांस, मासे, भाज्या, थोडा कोरडा टोस्ट चालेल, क्लॅरेट वाईनसुद्धा चालेल. वर्षभरात बँटिंग ४६ पौंडांनी उतरले. आणि ऐकू येऊ लागलं.

त्यांनी १८६३ मध्ये हा सगळा अनुभव एका छोट्या पुस्तिकेत लिहिला, स्वतःच्या खर्चाने छापला आणि पहिल्या आवृत्त्या फुकट वाटल्या. पुस्तिका इतकी गाजली की लंडनच्या जेवणाच्या टेबलांवर माणसं एकमेकांना विचारू लागली, तुम्हीही 'बँट' करता का? मला त्यातला आहार तितका लक्षात राहिला नाही जितकी त्यांनी लोकांविषयी केलेली तक्रार. बग्गीत, सभेत, रस्त्यात लोक आपल्या अंगावरून बोलतात, ते सोसवत नाही म्हणून चारचौघांत जाणंच टाळावंसं वाटतं, असं त्यांनी लिहिलं आहे. पासष्टी उलटलेला, राजघराण्याचा विश्वास लाभलेला माणूस रस्त्यावरच्या शेऱ्यांनी घायाळ होत होता आणि ते त्याने छापून सगळ्यांना सांगितलं. त्या काळी असं सांगायला केवढं धैर्य लागलं असेल.

त्याच रस्त्यावर बेरी ब्रदर्सचं वाईनचं जुनं दुकान आहे. तिथे एक भलामोठा तराजू टांगलेला आहे, मुळात कॉफीची पोती तोलायला आणलेला. १७६५ पासून गिऱ्हाईकं त्यावर बसून स्वतःचं वजन करून घेत आणि दुकानदार ते वहीत लिहून ठेवत. त्या वह्या अजून आहेत. लॉर्ड बायरनची नोंद त्यांत आहे, १८०६ सालची, १३ स्टोन १२ पौंड. म्हणजे ८८ किलो, वय अवघं सतरा-अठरा. पुढच्या पाच वर्षांत तो झपाट्याने उतरला. बिस्किटं आणि सोडावॉटरवर राहायचं, नाहीतर व्हिनेगरमध्ये भिजवलेले बटाटे खायचे, आणि घाम यावा म्हणून लोकरीच्या कपड्यांचे थरावर थर चढवायचे. कवी फिकट आणि कृश असावा ही कल्पना त्याच्यामुळे तरुण पोरापोरींत इतकी रुजली की तीही व्हिनेगर पिऊ लागली. मी लंडनला गेले होते तेव्हा त्या दुकानात डोकावले होते. खालच्या लाकडी जमिनीला कित्येक पिढ्यांच्या पावलांनी उतार आलेला आहे, काळवंडलेल्या लाकडाचा वास येतो, आणि तो तराजू तसाच लटकतो. वाईनच्या दुकानात, चारचौघांत बसून वजन करून घेणारी ही माणसं. तिथे कुजबुज नसावी.

मी सांगलीची. आमच्याकडे वजनाची वही लागत नाही.

दारात पाऊल टाकलं की "सुटलीस गं" हे पहिलं वाक्य. पाणी त्यानंतर. बाळंतपणानंतर मी माहेरी गेले तेव्हा मावसबहिणीच्या लग्नात भर मांडवात मावशीने दंडाला धरून मला वळवलं आणि बाकीच्या बायकांना दाखवलं, बघा, लंडनचं पाणी कसं मानवलंय. मी लंडनला राहतच नव्हते, पण तो भाग वेगळा. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि जिलबीचं ताट तसंच खाली ठेवलं. मावशीचा जीव होता माझ्यावर. त्याच मावशीने नंतर डिंकाचे लाडू डब्यात भरून दिले. हे दोन्ही एकाच हाताने कसं होतं, हे मला अजून उलगडलेलं नाही, आणि तिच्यावर धड रागावताही येत नाही.

म्हणून इंग्लंडला परतल्यावर मला आधी केवढं हायसं वाटलं होतं. इथे कुणी कधी कुणाच्या अंगावर बोलत नाही. ऑफिसात, शाळेच्या दारात, शेजारात, कुणीही नाही. तुम्ही वीस किलो वाढा की तीस किलो उतरा, "छान दिसतेयस" याच्या पलीकडे कुणी जात नाही. डॉक्टरीणबाईसुद्धा आधी परवानगी विचारतात: आपण वजनाविषयी थोडं बोललो तर चालेल का? पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मला रडू आलं होतं, इतक्या हळुवारपणे मला हे कुणीच विचारलं नव्हतं. पण पुढे वर्षं गेली तशी या शांततेची दुसरी बाजू दिसायला लागली. ज्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही ती माणूस एकटाच उरावर वागवतो. आमच्या ऑफिसातली एक बाई दोन वर्षं रोज डबा आणायची आणि तो उघडायचीच नाही. सगळ्यांना दिसत होतं. कुणी विचारलं नाही, मीही नाही. विचारणं म्हणजे मर्यादा सोडणं झालं असतं. माझी मावशी तिथे असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, का गं बाई, जेवत का नाहीस? त्या गुरुवारच्या हॉलचा अर्थ मला असा हळूहळू लागत गेला. ज्या समाजात शरीराविषयी बोलणं असभ्य, त्याने बोलण्यासाठी एक वार आणि एक जागा ठरवून घेतली. सहा ते साडेसात. चहासकट.

मग मी आजूबाजूला बघू लागले तर सगळीकडे हेच दिसू लागलं. मॅटलॉकला कौन्सिलच्या कामासाठी गेले, तर ती डोंगराच्या चढावरची काळसर दगडाची अवाढव्य इमारत, जिच्यात आता कारकून बसतात, ती मुळात जॉन स्मेडलीचं जलोपचाराचं आरोग्यधाम. स्मेडली लोकरीच्या कपड्यांच्या गिरणीचा मालक, स्वतः आजारातून पाण्याच्या उपचारांनी उठलेला. १८५३ मध्ये त्याने हे सुरू केलं. माणसांना गार ओल्या चादरीत करकचून गुंडाळायचं, वर घोंगड्या, घाम फुटला की अंगावर थंड पाण्याची धार. माल्व्हर्नला डॉक्टर गली यांच्याकडे १८४९ मध्ये खुद्द चार्ल्स डार्विन बायकामुलांसकट जाऊन राहिला होता. स्पिरिटच्या दिव्याने शेक घेऊन घाम काढायचा, मग गार ओल्या टॉवेलने खसाखसा घासून घ्यायचं, साखर बंद, लोणी बंद, मसाले बंद. असा चिकित्सक माणूस, पण पोटाच्या जुनाट दुखण्यापुढे हात टेकून त्याने हेही केलं आणि काही काळ त्याला बरं वाटलं. त्याच्याही आधी ब्रायटनला आपल्या पाटण्याचे शेख दीन महंमद औषधी वाफारे आणि चंपी देत, आणि चौथा जॉर्ज राजा त्यांच्याकडून मालीश करून घेई. बक्स्टनला सेंट ॲन्सच्या झऱ्यावर आजही माणसं कॅन घेऊन रांगेत उभी असतात. मीही ओंजळभर प्यायले. कोमट, बिनचवीचं, घशाखाली मऊ उतरणारं पाणी. माझ्या पुढच्या आजोबांनी सांगितलं, चाळीस वर्षं हेच पितोय. त्यांनी मला, आजूबाजूला सगळे म्हणतात तसं, "मी डक" (म्हणजे 'माय डक', लाडाने) म्हटलं आणि माझी बाटली भरून दिली.

सगळेच प्रकार असे निरुपद्रवी नव्हते. यॉर्कमध्ये एका घराच्या भिंतीवर 'बाइल बीन्स'ची जुनी जाहिरात जपून ठेवली आहे: रोज रात्री घ्या, निरोगी, तेजस्वी डोळ्यांच्या आणि सडपातळ राहा. मोठाली अक्षरं, पर्यटक खाली उभे राहून फोटो काढतात. त्या गोळ्या म्हणजे साधं रेचक. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या गुप्त वनस्पतीपासून बनवल्या असं सांगून विकल्या गेल्या, आणि १९०६ च्या सुमारास स्कॉटलंडच्या न्यायालयाने हे सगळं थोतांड असल्याचं म्हटलं, तरी त्यानंतरही अनेक दशकं त्या खपत राहिल्या. त्या भिंतीखाली मला फोटो काढावासा वाटला नाही. किती मुलींनी रात्री निजताना त्या गिळल्या असतील आणि सकाळी पोट धरून कामावर गेल्या असतील.

गेल्या हिवाळ्यात शेजारीणबाईंच्या मुलीबरोबर स्लिपरी स्टोन्सला गेले होते. डर्वेंट खोऱ्याच्या वरच्या टोकाला, धरणांच्याही पलीकडे, ओढ्यातला एक डोह आहे. पाणी चहाच्या रंगाचं, पीटच्या मातीतून येतं म्हणून. काठावर दगडांना बर्फाची साय आलेली. सात-आठ बायका, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावर लोकरी टोप्या ठेवूनच पाण्यात उतरत होत्या. आता इंग्लंडभर याचं वेड आहे. थंड पाण्याने चरबी जळते असंही म्हणतात, पण त्या बायका त्यासाठी आलेल्या दिसल्या नाहीत. त्यातली एक पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहून नुसता श्वास सोडत होती, तोंडातून वाफा निघत होत्या आणि दुसरी तिचा हात धरून सेकंद मोजत होती. इथे एकट्याने उतरायचं नाही हा पहिला नियम, कारण बाहेर आल्यावरही काही वेळ अंगाचं तापमान उतरतच राहतं. कुणीतरी कपडे चढवायला, कप हातात द्यायला लागतं. पोटावरचे व्रण, एकीची काढून टाकलेली छाती, मांड्यांवरच्या निळ्या शिरा, सगळं उघड्यावर होतं, आणि त्या थरथरत्या हातांनी आल्याचा केक खात मोठमोठ्याने हसत होत्या. मी काठावर त्यांचे टॉवेल धरून उभी होते. एरवी या देशात दुसऱ्याचं शरीर असं बघायला मिळत नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

आणि उपास. २०१२ मध्ये बीबीसीवर मायकेल मोझली यांनी आठवड्यातून दोन दिवस जेमतेम पाचसहाशे कॅलरी खाण्याचा प्रयोग स्वतःवर करून दाखवला, आणि बघता बघता निम्मं ऑफिस दोन दिवस सूप पिऊ लागलं. पुष्कळ जण सोमवार आणि गुरुवार निवडत. मी ते ऐकलं आणि आईला फोनवर सांगितलं. तिचा सोमवार शंकराचा आणि गुरुवार दत्ताचा, माझ्या आठवणीत तरी कधी चुकलेला नाही. ती म्हणाली, मग काय नवीन? पण फरक होता आणि तो तिलाच आधी जाणवला. "आरती कधी करतात ते?" तिने विचारलं. मी म्हटलं, आरती नाही गं, नुसताच उपास. ती जरा वेळ गप्प राहिली. तिच्या उपासात वजनाचा विचार कधी नव्हता, संध्याकाळचा नैवेद्य होता, घरातल्या सगळ्यांना तिचा उपास आहे हे ठाऊक असणं होतं. पुढे दीक्षित डाएटची लाट आली तेव्हा आमच्या सांगलीच्या घरातही दोनदाच जेवायचं आणि तेही पंचावन्न मिनिटांत, असं सुरू झालं. घरातले अर्धे त्या बाजूला, अर्धे दर दोन तासांनी थोडं खाणाऱ्यांच्या बाजूला, आणि जेवणाच्या टेबलावर रोज वाद. तो वादही मला आता बरा वाटतो. मोझली २०२४ च्या जूनमध्ये ग्रीसच्या सिमी बेटावर उन्हात एकटेच चालत निघाले आणि परत आले नाहीत, तेव्हा आमच्या ऑफिसात घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं.

आता इंजेक्शन आलं आहे.

वेगोव्ही इथे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आलं, मौंजारो त्यानंतर काही महिन्यांत. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचायचं, भूक मंदावते, पोट लवकर भरतं. ज्यांनी घेतलं त्या सांगतात, डोक्यात दिवसभर चालणारा खाण्याचा गलका एकदम थांबला. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण तो गलका काय असतो हे मला माहीत आहे. म्हणजे इतकी वर्षं ज्याला मनाचा दुबळेपणा समजून या बायकांनी स्वतःला कोसलं, त्यात शरीराचा एवढा हात होता. फळांची टोपली कधीच घरी न नेलेल्या बायकांना हे आधीच कुणी सांगायला हवं होतं. त्यामुळे या औषधाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. शेजारीणबाईंच्या जावयाची साखर आटोक्यात आली, तो मुलांबरोबर पुन्हा टेकडी चढू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण हॉलमधली रांग आखडली. गुरुवारी गोल करायला आता निम्म्या खुर्च्या पुरतात, असं शेजारीणबाई सांगतात. मध्यंतरी कुत्रं गेलेल्या त्या बाई मला सुपरमार्केटमध्ये भेटल्या, चेहरा ओळखू येऊ नये इतक्या उतरलेल्या. "छान दिसताय," मी म्हटलं, इथल्या रीतीप्रमाणे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भाज्यांच्या कपाटाजवळ मला जवळ घेऊन सांगितलं की मौंजारोचं पेन घेतेय, म्हणजे टोचायचं इंजेक्शन, ऑनलाइन मागवलेलं. सरकारी आरोग्यसेवेच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ते २०२५ च्या जूनपासून मिळू लागलं, पण सुरुवातीला फक्त फार वजन आणि त्याबरोबर अनेक आजार असलेल्यांनाच. बाकीचे खिशातून पैसे घालतात. त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. पेन फ्रिजमध्ये कोबीच्या मागे, लोण्याच्या रिकाम्या डब्यात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने किमती चढवल्या, सर्वांत मोठ्या मात्रेचं पेन १२२ पौंडांवरून ३३० वर गेलं, तेव्हापासून त्या चार डोस संपल्यावर पेनमध्ये उरलेलं औषध सिरिंजने ओढून पाचवा डोस काढतात. असं करू नका असं औषधतज्ज्ञ सारखे सांगताहेत, जंतुसंसर्ग होईल, मात्रा चुकेल. मीही सांगितलं. त्यांनी मान हलवली. रात्री मळमळतं, म्हणाल्या, बाथरूमचा नळ सोडून ठेवते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि घेणं थांबवलं तर? या जातीचं औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत येतं, असं एका मोठ्या अभ्यासात २०२२ मध्ये दिसून आलं आहे. हे त्यांना ठाऊक होतं. "म्हणूनच कुणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "परत वाढलं तर सगळ्यांना कळेल."

मी त्यांना म्हटलं, गुरुवारी या ना, वजन करू नका, नुसत्या बसा. औषध सोडायची गरजच नाही. त्या कसनुसं हसल्या. पेन घेऊन त्या खुर्चीवर बसणं म्हणजे फसवणूक केल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. यात मला सगळ्यात वाईट वाटलं ते हेच. उपाय बदलला म्हणून माणसं का तुटावीत? ज्या हॉलमध्ये कुत्र्याचं नाव विचारलं जातं, तिथे मळमळीचं आणि परत वजन वाढण्याच्या भीतीचंही बोलता यायला हवं. सरकारी आरोग्यसेवा औषधाबरोबर आहाराचा सल्ला, कुणाशी तरी बोलणं हे जोडून देते. ऑनलाइन मागवणाऱ्यांच्या दारात बर्फाच्या पिशवीतला खोका तेवढा येतो. शेजारीणबाईंपुढे मी हे बोलले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गुरुवारच्या बाईंना फोन लावला. पेनवाल्यांनाही येऊ द्या, त्यांनी सांगितलं, नाहीतर मीही येत नाही. शाळेत मुलं गप्प बसवायचा तो आवाज. काय ठरलं ते अजून कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा सांगलीहून फोन आला. मौंजारो २०२५ पासून आपल्याकडेही आलं आहे. तिच्या गुडघ्यांनी दम सोडलाय, साखर वाढलीय, डॉक्टरांनी तिला सुचवलं. "घेऊ का गं?" तिने विचारलं. मी मला माहीत होतं ते सगळं सांगितलं, चांगलं आणि वाईट. रक्ताच्या तपासण्या करून घे, हळूहळू मात्रा वाढव, प्रथिनं खा, परस्पर दुकानातून आणू नकोस. ती लिहून घेत होती. शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, पण घरात कुणाला बोलू नकोस हं." आमच्या घरात! जिथे दारातच वजनाचा हिशेब होतो, त्या घरात हिनेही डबा शोधून ठेवला असणार. मी म्हटलं, नाही बोलणार, पण तू एकीला तरी सांग. रात्री उलटी झाली तर पाणी आणून द्यायला कुणी हवं. तिने बराच विचार केला. वहिनी नको, ती सासरी सांगेल. आई नको, ती काळजीने जेवणार नाही.

"मावशीला सांगते," ती म्हणाली.